गेटाजवळचा फलक

सातपूरच्या आमच्या मनपा शाळेत
चांगलं अक्षर असणं ही शिक्षाच.
माझं आहे, म्हणून गेटाजवळचा फलक
अकरा वर्षं माझ्याकडे.
पावणेसातला मी ओलं फडकं फिरवते.
कालचं पुसलं जातं, पण पुरतं नाही.
'सहल रद्द'मधलं 'सह' अजून दिसतं,
त्याच्यावरच आजची तारीख घालते.

पालकांनी नोंद घ्यावी.
पहिली ओळ कायम हीच.

नोंद कोण घेतं ते मला इथून दिसतं.
रात्रपाळी करून परतणारे बेंडकुळे
सायकल थांबवत नाहीत, नुसता ब्रेक दाबतात,
त्यांच्यासाठी मी शब्द मोठे काढते, वाक्य छोटं.
मेहरुन पिंजारीच्या आईला वाचता येत नाही.
मेहरुनच वाचून दाखवते,
'नखं कापून यावे' तेवढं गाळून.

आधार आणि पासबुकाची झेरॉक्स आणावी.
दोन्हीकडे नाव सारखंच हवं.
एकीकडे गवित, दुसरीकडे गावित,
एका कान्यापायी बापाचे तीन खाडे.
आणि शुद्धलेखनाच्या तासाला मीच सांगते,
काना लहान असला तरी विसरायचा नाही.

बुधवारी अंडं. न खाणाऱ्यांना केळं.
(न खाणाऱ्यांची यादी
बुधवारी आपोआप आखूड होते.)

सोमवारी निळी गोळी, जेवल्यावरच.
उपाशीपोटी नको, असं मी खाली रेघ ओढून लिहिते
आणि रेघेकडे बघत राहते.

परीक्षा जवळ आली. मुलांना घरी ठेवू नये.
हे दर फेब्रुवारीत.
तेव्हा सातवी ब-मधली सहा जणं
दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागेत असतात
आईबापांबरोबर, पाठीवर क्रेट.
ज्यांच्यासाठी लिहिलं ते सोडून
सगळा रस्ता वाचतो.

मग एकदा लिहिलं:
पालक सभा, शनिवार, सकाळी साडेअकरा.
उपस्थिती अनिवार्य.
दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली
विटेच्या तुकड्याने, तिरक्या अक्षरात:

शनवारले सुटी नही ऱ्हास. रातले ठेवा.

मोठे सर म्हणाले, पुसा ते आधी.
फडकं माझ्या हातातच होतं.
पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

मी सटाण्याची.
आई मला याच बोलीत हाक मारायची,
याच बोलीत रागवायची.
नोकरी लागल्यापासून शाळेत तोंडातून काढली नाही,
आणि पोरांच्या वह्यांत दिसली
की लाल शाईने गोल केला.
किती गोल केले असतील.
'रातले'भोवती काही करता येईना.

फक्त वरची ओळ पुसली.
शनिवार, रात्री आठ.
'अनिवार्य' पुन्हा लिहिलं नाही.
सर दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले,
पण वर्गाची किल्ली त्यांनीच आणून दिली.

आधीच्या सभेला नऊ आया होत्या.
या वेळी एकेचाळीस माणसं,
कुणी डब्यासकट, कुणी कंपनीच्या शर्टात,
पोरांच्या बाकांत गुडघे मावेनात.
एक ट्यूब फडफडत होती.
बेंडकुळे पहिल्यांदाच बसलेले पाहिले.
त्यांनी विचारलं, निळी गोळी कशासाठी असते?
अकरा वर्षांत फलकाला हा प्रश्न
कुणी विचारला नव्हता,
फलकाला विचारता येत नाही म्हणून.

हजेरीच्या सह्यांत मी ते तिरकं अक्षर शोधलं.
सापडलं नाही.
चार अंगठे होते.
सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा असेल,
माझ्याच वर्गातला, लाल गोलांतून सुटलेला.

सोमवारी सूचना वर सरकवून लिहिली,
खाली हातभर जागा ठेवली,
आणि चौकटीवर खडूचा तुकडा.
दुपारी जाऊन पाहिलं,
कुणीतरी मांजर काढलं होतं.
मिशा छान जमल्या होत्या.
मंगळवारी फडकं फिरवलं,
तेवढ्या कोपऱ्यात सोडून.